ओढ्याच्या अलीकडची कमान

पोलादपूर सोडून घाटाकडे निघालं की थोड्याच अंतरावर डाव्या हाताला एक कमान लागते. दोन जाड खांब, त्यांवर सोंड उंचावलेले हत्ती, मध्ये गणपती, त्याखाली 'उंबरकोंड ग्रामस्थ आपले सहर्ष स्वागत करीत आहेत' आणि सगळ्यात खाली, पण सगळ्यात ठळक, मी जिथे नोकरी करत होते त्या कंपनीचं नाव. रंग अजून ताजा आहे. येणारेजाणारे गाडी थांबवून तिच्याखाली फोटो काढून घेतात. कमानीतून आत शिरलं की कच्ची वाट उताराला लागते, ओढ्यापर्यंत जाते आणि संपते. उंबरकोंड ओढ्याच्या पलीकडे आहे.

वाडीचं नाव मी बदललं आहे. बाकी काही बदललेलं नाही.

वाईट बांधकामं मी पुष्कळ पाहिली आहेत. उलट्या उताराची गटारं पाहिली, ज्यांच्यापर्यंत नळ पोचलाच नाही अशा पाण्याच्या टाक्या पाहिल्या, पायऱ्या बांधायला विसरलेली समाजमंदिरं पाहिली. पण या कमानीइतका राग मला कशाचाच आला नाही. कारण ती अगदी नीट बांधलेली आहे.

मी महाडची. रस्ते बांधणाऱ्या कंपन्यांमध्ये लोकसंपर्काचं काम करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. पदाचं नाव दर कंपनीत बदलायचं, काम एकच: रस्ता ज्यांच्या दारावरून जातो त्यांच्या शिव्या ऐकायच्या आणि त्या शिव्यांतून कामांची यादी करायची. 'तुमचं वाटोळं होवो' याच्या पुढे मी लिहायची, 'सुरुंगाच्या हादऱ्याने न्हाणीची भिंत तडकली, गवंडी पाठवणे.' धुळीने मोहोर जळला, गटार उंच झाल्यामुळे पडवीत पाणी आलं, डंपरने विहिरीचा कठडा पाडला, अशा सगळ्या गोष्टी माझ्या टेबलावर यायच्या. एक गृहस्थ दर सोमवारी यायचे, तुमच्या कामगारांनी माझा कोंबडा कापून खाल्ला म्हणून. शेवटी तो कोंबडा आमच्याच एका डंपरच्या केबिनमध्ये सापडला, जिवंत आणि मजेत. चालक त्याला डब्यातला भात घालायचा. गृहस्थ कोंबडा घेऊन गेले आणि पुढच्या सोमवारी परत आले: "बाई, ह्यो आता घरात रमत नाय. त्याचं काय करताव?"

अशा तक्रारींचा मला कधी राग आला नाही. तक्रार करणारा माणूस समोर उभा असतो, त्याला काय हवं ते तो सांगतो. राग यायचा तो 'सामाजिक कार्य' नावाच्या प्रकाराचा.

बाहेरच्या माणसांसाठी हा प्रकार सांगते. मोठं काम घेणाऱ्या कंपनीने आजूबाजूच्या गावांसाठी काही तरी करावं अशी अपेक्षा असते. अपेक्षा चांगलीच आहे. डोंगर फोडून, धूळ उडवून, रात्रंदिवस गाड्या पळवून तुम्ही जाणार. मागे काही चांगलं ठेवून जा. गंमत अशी की बांधकाम कंपनीकडे देण्यासारखं जे असतं ते इतर कुणाकडेच नसतं. यंत्रं जागेवर उभी असतात, खडी-मुरूम हाताशी असतो, काम जाणणारी माणसं असतात. बिरवाडीच्या बाजूला एका गावात मुलं उतारावर कबड्डी खेळायची. आम्ही सपाटीचं यंत्र जेवणाच्या सुट्टीनंतर तिकडे वळवलं, महाडच्या सलीमभाईंनी आपल्या डंपरने मुरूम आणून टाकला, आणि संध्याकाळी मुलं सपाट मैदानावर होती. सलीमभाई डंपर भाड्याने लावणारे, हिशेबाला पक्के. पण त्या फेऱ्या त्यांनी आमच्या बिलात धरल्या नाहीत. "मॅडम, गाडी तशी पण रिकामीच जात होती," म्हणाले.

पण हे काम अहवालात गेलं नाही. कारण सपाट जमिनीचा फोटो काय काढणार? सपाट जमीन सपाटच दिसते. अहवालात गेली ती त्याच गावातली खुली व्यायामशाळा. लाल-पिवळी यंत्रं, फीत कापताना मोठे साहेब. ज्या गावातल्या बायका सकाळी डोंगर चढून लाकडं आणतात त्यांना आम्ही चालण्याचं यंत्र दिलं. आज त्यावर गोधड्या वाळत असतात. मला त्याचा आनंदच आहे. कुणाच्या तरी उपयोगी पडलं.

आता उंबरकोंड.

घाटरस्त्याच्या कामाला खडी लागणार होती आणि दगडाची खाण मिळाली ती उंबरकोंडाच्या मागे, ओढ्याच्या पलीकडे. तोवर वाडीला जायला लाकडी साकव होता. ऐनाच्या झाडाचे दोन लांब ओंडके आडवे टाकलेले, त्यांवर बांबू बांधलेले, एका बाजूला धरायला दोर. दर वर्षी पावसाआधी घरटी एक माणूस जमायचा, बांबू बदलायचे, ओंडके दगडांत घट्ट बसवायचे. गावकीचं काम होतं ते. न येणाऱ्याला दंड. आमच्या पोकलेनने आल्या आल्या तो साकव उचलून बाजूला ठेवला आणि त्याच जागी सिमेंटचे मोठे पाईप टाकून, वर काँक्रीट ओतून डंपर जाण्याजोगा रस्ता केला. त्या ओंडक्यांचं काय झालं हे मी नंतर शोधलं. कामगारांच्या छावणीत सरपण झालं.

तेव्हा कुणी हूं का चूं केलं नाही. कशाला करतील? लोकांना पायपाचा साकव मिळाला होता. ऐन आषाढातसुद्धा पाणी वरून गेलं तर तासा-दोन तासांत उतरायचं. आणि मग असं काही घडलं जे आमच्यापैकी कुणीही ठरवलेलं नव्हतं. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना माणसं नेणारी एक जीप थेट वाडीत यायला लागली. आधी एक बाई कामाला लागली, मग तिची जाऊ, मग शेजारीण. पॅकिंगचं काम, पहिली पाळी. वर्षभरात निम्म्या घरांतल्या बाया सकाळी डबा घेऊन त्या जीपमध्ये बसू लागल्या. जी पोरं आठवी झाली की मुंबईला मामाकडे जायची, ती पोलादपूरच्या शाळेत जायला लागली. दूध डेअरीवर जायला लागलं. एवढं मोठं सामाजिक कार्य आमच्या कंपनीच्या हातून उभ्या जन्मात झालं नसेल, आणि आमच्या साहेबांना त्याचा पत्ताही नव्हता. त्यांच्या लेखी तो 'खाणीचा तात्पुरता रस्ता' होता.

पहिल्यांदा कामाला लागलेल्या बाईचं नाव सुनंदा. नवरा मुंबईत एका सोसायटीत रखवालदार, घरी सासू. सासूबाई म्हणजे आनंदीआजी, अंगाने काटकुळ्या पण आवाज पलीकडच्या डोंगरावर आपटून परत येईल असा. मी पहिल्यांदा वाडीत गेले तेव्हा आजी म्हणाल्या, "बाय, तुमच्या डंपराने माझी झोप खाल्ली. पन सून संध्याकाळची घरी येते, म्हनून शिव्या देत नाय."

काम संपत आलं तसं वरून फर्मान आलं: प्रत्येक गावात एक सामाजिक काम करा, पण गावाला विचारून करा. गावाच्या लेटरहेडवर मागणीपत्र हवं. नियम कागदावर चांगला होता. पण आमच्या भागात 'गाव' कुठे राहतं हे फर्मान काढणाऱ्याला ठाऊक नव्हतं. इथल्या प्रत्येक वाडीचं मुंबईत एक मंडळ असतं. देवळाचा कळस, शिमग्याच्या पालखीचा मान, गणपतीतली भजनं, भांडणं, दंड, सगळं तिथे ठरतं. लेटरहेड मंडळाकडे, शिक्का मंडळाकडे. म्हणून गावाला विचारण्यासाठी कंपनीने मला मुंबईला पाठवलं.

परळला एका हॉलमध्ये सभा होती. माणसं मोठ्या अगत्याची. मला पहिल्या रांगेत बसवलं, चहा, वेफर, नारळ. सचिव होते दिनकरभाऊ, छापखान्यातून निवृत्त झालेले, मंडळासाठी खस्ता खाल्लेला सज्जन माणूस. हे मी आजही म्हणते. सभेत पुरुषच होते. ठराव आधीच तयार होता: कमान.

मी विचारलं, "दिनकरभाऊ, वाडीत राहणाऱ्या बायकांना विचारलंत का?"

"मॅडम, बायका काय परक्या आहेत का? आमच्याच घरच्या ना?"

मागून एक तरुण उठला. "वरच्या वाडीची कमान झाली, खालच्यांची झाली. शिमग्याला पावणे आले की विचारतात, तुमची कुठंय? आपण अजून किती वर्षं मान खाली घालून यायचं?"

टाळ्या पडल्या. मी उभी राहिले. सांगितलं की पाईपचा रस्ता तात्पुरता आहे, काम संपलं की कंपनी तो काढणार आहे, करारात तसं लिहिलेलं आहे. तेव्हा पत्रात मागायचंच असेल तर तो रस्ता ठेवा असं मागा.

हॉलभर हसू पिकलं. दिनकरभाऊ मला समजावून सांगायला लागले, लहान मुलीला सांगावं तसं. "मॅडम, एवढं काँक्रीट ओतलेलं कोण तोडतं? वेडे आहात का? साकव आहेच. आहे ते कशाला मागायचं? जे नाही ते मागूया."

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा हसले. खरं सांगायचं तर त्यांचं चुकत होतं असंही मला म्हणता येईना. स्वतः ओतलेलं काँक्रीट स्वतःच फोडायचं, हा वेडेपणा शहाण्या माणसाच्या डोक्यात येणार कसा? तो फक्त कंपनीच्याच डोक्यात येऊ शकतो. मागणीपत्र टाइप झालं, शिक्का बसला. गावाला विचारून झालं.

शिमग्याला मुंबईची मंडळी वाडीत आली तेव्हा मी मुद्दाम गेले. म्हटलं, समोरासमोर बोलणं होईल. पालखी अंगणात नाचत होती, ढोल वाजत होते. आनंदीआजींनी दिनकरभाऊंना बाजूला ओढलं. नात्याने त्या त्यांच्या काकू लागत.

"दिनकर, पायपाचा साकव काडतायत म्हनं. ह्या बाईंनी सांगितलं."

"कुठे आहे पाणी, काकू?" दिनकरभाऊंनी ओढ्याकडे हात केला. मार्चमध्ये आमचा ओढा म्हणजे दगडांची रांग. "चप्पल न भिजवता मी पलीकडे जातो-येतो."

"आखाडात ये, मग दावते पानी."

"आखाडात नाही, पण गणपतीला येतोच की. तेव्हा कधी अडलंय?"

"गनपतीला तुमी पन्नास बाप्ये असता रे! गनपती खांद्यावर, म्हातारी खांद्यावर, पोरं खांद्यावर. तुमी गेल्यावर मला कोन खांद्यावर घेनार, तुझी कमान?"

आसपासचे हसले. दिनकरभाऊही हसले. "काकू, कमान झाली की फीत तुम्हीच कापायची," असं म्हणून ते पालखीकडे गेले. मी तिथे उभी होते. आजींनी अख्ख्या प्रकरणाचं गणित एका वाक्यात मांडलं होतं आणि ते विनोद म्हणून वाहून गेलं. मुंबईकर खोटं बोलत नव्हते. त्यांनी खरोखरच अडचण कधी पाहिली नव्हती, कारण ते येतात तेव्हा एक तर ओढ्याला पाणी नसतं, नाही तर ते स्वतःच असतात.

मग मी मोठ्या साहेबांकडे गेले. दोन मुद्दे घेऊन गेले होते आणि त्याच क्रमाने मांडले.

पहिला: पाईप ठेवून द्या, ग्रामपंचायतीच्या ताब्यात द्या.

"कोण ताब्यात घेईल?" साहेब म्हणाले. ते ओरडणारे नव्हते. "डंपरसाठी केलेलं काम आहे, पुलाचं डिझाइन नाही. उद्या पुरात कुणी त्यावरून वाहून गेलं तर नाव कुणाचं येईल?"

मुद्दा खोटा नव्हता. मी पंचायतीत गेले होते, तिथेही हेच उत्तर मिळालं होतं. जे वापरायला सगळ्यांना चालत होतं ते स्वीकारायला कुणीच तयार नव्हतं. म्हणून मी दुसरा मुद्दा काढला.

"करारात लिहिलंय, जागा मूळ स्थितीत आणून द्यायची. मूळ स्थितीत तिथे लाकडी साकव होता, साहेब. आपण तो उचलला. आपल्या माणसांनी तो जाळला. पाईप काढणार असाल तर साकव परत बांधून द्या. लोखंडी चालेल, पायी जाण्यापुरता. आपल्याकडे गर्डर पडून आहेत, वेल्डर बसून आहेत."

साहेबांनी नकाशा उघडला. नकाशात ओढा होता. साकव नव्हता. दर वर्षी हातांनी बांधलेल्या दोन ओंडक्यांची नोंद कोण करतं?

"सर्वेक्षणात नाही," ते म्हणाले.

"मी पाहिलाय. त्यावरून गेलेय."

"तुम्ही पाहिलात म्हणून मी बांधू? आणि गावानं तर कमान मागितलीय. हे पत्र." त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं, मीच आणलेलं. "गावाला काय हवंय ते तुम्हाला गावापेक्षा जास्त कळतं का?"

याचं उत्तर मला आता सुचतं: हो साहेब, कळतं, कारण मी तिथे पावसात गेलेय.

मे महिन्यात तोडकाम सुरू झालं. पोकलेनला काँक्रीट फोडायचं यंत्र लावून आणलं. सकाळी सकाळी वाडीतल्या बाया पाईपवर येऊन उभ्या राहिल्या, डबे हातात घेऊन. सुनंदा पुढे होती. चालकाने यंत्र बंद केलं आणि खाली उतरून बिडी पेटवली. परप्रांतातला भला माणूस होता. माझ्याकडे बघून खांदे उडवले. मला वाटलं, थांबलं. साहेबांना फोन लावला, इथे बायका उभ्या आहेत, येऊन बघा. ते म्हणाले, बघतो.

तेवढ्यात जीप आली. पहिली पाळी. त्या बाया कंत्राटी कामावर होत्या; खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी फाटकावर 'गरज नाही' म्हणून सांगतात. जीपवाल्याने हॉर्न दिला, परत दिला. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं.

"ताई, आमी जातो. तुमी हायत ना?"

"आहे," मी म्हटलं.

मी होतेच. मी एकटी पाईपवर उभी होते, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून. दुसरा फोन आला, तो मला नव्हे, चालकाला. त्याने बिडी विझवली आणि मला म्हणाला, "मॅडमजी, हट जाइए." मी लगेच हटले नाही. मग साइटवरचे दोघे जण आले, माझ्या हाताखाली शिकलेले. त्यांनी मला हात धरून अलीकडे आणलं, अगदी आदराने.

ज्या साकवामुळे त्या बायांना नोकरी मिळाली, तो वाचवायला उभं राहायची सवड त्याच नोकरीने त्यांना दिली नाही. संध्याकाळी जीपने त्यांना ओढ्याच्या अलीकडे उतरवलं. पाईपचे तुकडे काठावर रचून ठेवले होते. ते कुठेही नेले नाहीत. आजही तिथेच आहेत, करवंदीत झाकले गेलेत. आणि त्याच पोकलेनने दुपारनंतर कमानीच्या खांबांसाठी खड्डे घेतले होते. आमच्या प्लांटमधून काँक्रीटची गाडी आली. घाटरस्त्यासाठी केलेलं उत्तम प्रतीचं काँक्रीट. म्हणून तर म्हटलं, ती कमान नीट बांधलेली आहे.

उद्घाटनाला आजी फीत कापायला आल्या नाहीत. "पाय दुखतायत," असा निरोप पाठवला. दिनकरभाऊ ओढा उतरून बोलवायला गेले तेव्हा आजींनी दार आतून लावून घेतलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग लोकांनी पूर्वीसारखा लाकडी साकव का नाही बांधला? मलाही साइटवर सगळ्यांनी हेच ऐकवलं. कशाने बांधतील? आमच्या कामाच्या वर्षांत गावकीचं ते काम थांबलं होतं. ओंडके आम्ही जाळले. तसे ऐन आता तोडू देत नाहीत. आणि पाण्यात उतरून ओंडके ढकलणारे जे चार म्हातारे उरले होते, त्यातले दोघे गेले आणि दोघे काठी घेऊन चालतात. म्हणजे आम्ही आलो नसतो तर उंबरकोंडाला साकव असता. हे वाक्य मी माझ्या राजीनाम्यात लिहिलं होतं. उत्तर आलं, आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.

पाऊस लागला. सुनंदाने आषाढाचे पहिले काही दिवस काठच्या झाडांना बांधलेला दोर धरून ओढा ओलांडला, कपडे पिशवीत घालून, अलीकडे येऊन झुडपाआड बदलून. एकदा पाणी चढलेलं म्हणून ती संध्याकाळी अलीकडेच अडकली आणि रात्र कमानीखाली न काढता जीपवाल्याच्या घरी काढली. एकदा सकाळी जाताच आलं नाही. दुसऱ्यांदा जाता आलं नाही तेव्हा मुकादमाने सांगितलं, जवळ राहायचं बघ. तिने कारखान्यांजवळ, बिरवाडीत खोली घेतली. पत्र्याची, कामगारांच्या चार खोल्यांना मिळून एक नळ. एकामागून एक बाकीच्याही गेल्या. पोरं बरोबर गेली. गुरं विकली. वाडीत उरल्या त्या दारांना कुलपं आणि आनंदीआजींसारखी ज्यांनी हलायला नकार दिला ती माणसं.

"जाता का सुनेकडे, बिरवाडीला?" मी आजींना विचारलं.

"तिकडं काय करू गो? पत्र्याखाली बसून नळाची पाळी लावू?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "सून दर ऐतवारी येते. पानी असलं की पलीकडनं हाका मारते. मी हिकडनं मारते. एवढंच."

मी आता महाडच्या एका लहान ठेकेदाराकडे काम करते. ग्रामपंचायतींची कामं, रस्त्याखालच्या मोऱ्या, लहान पूल. पगार कमी, डोकं शांत. नोकरी बदलल्यावर पहिलं काम हे केलं की उंबरकोंडासाठी पायी जाण्यापुरत्या पुलाचा प्रस्ताव नीट तयार करून सरकारी कार्यालयात दिला. या वेळी सह्या वाडीतल्या बायकांच्या घेतल्या. दिनकरभाऊंचाही फोन आला. गणपतीला येऊन ते कुलपं बघून गेले होते. "मंडळाचं पत्र जोडू का, मॅडम?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, जोडा.

उत्तर तोंडी आलं, शाखा अभियंत्यांकडून, फोनवर. माणूस तरुण, वागायला चांगला. "मॅडम, प्रस्ताव छान आहे. पण लोकसंख्या निकषात बसत नाही. सध्या तिथे राहतं कोण? एवढ्या थोड्या लोकांसाठी पूल?"

साकव काढला म्हणून माणसं गेली, आणि माणसं गेली म्हणून साकव नाही. इतक्या सरळ रेषेत माणसाला संपवता येतं, हे मला इतकी वर्षं या धंद्यात राहून कळलं नव्हतं.

"पाहणीला या," मी म्हटलं. "पण मे महिन्यात नाही. श्रावणात या."

ते आले. पावसाची उघडीप होती, ओढा मांडीइतका, तांबडा, जोरात. दिनकरभाऊ मुंबईहून आले होते, छत्री घेऊन. अभियंता कमानीखाली उभे राहिले. कोरडी जागा तेवढीच होती. त्यांनी पलीकडे पाहिलं. वाडीतल्या प्रत्येक घरातून धूर निघत होता.

सुनंदाने ते घडवून आणलं होतं. रविवार होता, सगळ्या बाया बिरवाडीहून पहाटेच आल्या, दोर धरून पलीकडे गेल्या, कुलपं काढली, घरं झाडली, चुली पेटवल्या. कुणी म्हणेल नाटक. नाटक कसलं? घरं त्यांची, चुली त्यांच्या, रेशनकार्डावर पत्ता तोच. परकी जागा असेल तर ती बिरवाडीची खोली.

आनंदीआजी पलीकडच्या दरडीवर उभ्या होत्या. पाण्याच्या आवाजावरून आवाज आला: "सायेब, चा ठेवलाय! येताव का नाय?"

अभियंता माझ्याकडे वळले. "इथूनच दिसतंय सगळं, मॅडम. फोटो घेतो. पाणी जरा…"

"पँट वर घ्या, साहेब," मी म्हटलं.

ते कमानीकडे बघत राहिले, मग दिनकरभाऊंकडे. दिनकरभाऊंनी छत्री मिटली, खांबाला टेकवून ठेवली आणि धोतराचा कासोटा मारून तेच आधी पाण्यात उतरले. मग अभियंत्यांनीही बूट काढले. सुनंदा अलीकडे आली होती. तिने एका हाताने दोर धरला आणि दुसरा हात त्यांना दिला. मधोमध पाणी ओढायला लागलं तसे ते थांबले.

"रोज असं?" त्यांनी विचारलं.

"रोज जमलं असतं तर बिरवाडीला खोली कशाला घेतली असती?" सुनंदा म्हणाली. "म्होरचा पाय जपून टाका. त्यो दगड हालतो."